रात्रपाळीचा गेम, तीन स्क्रीन आणि मोडणारी तंद्री

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही गफलत असेल तर लगेच कळेल. सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला घडणारा फर्स्ट-पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) भीतीचा गेम तुम्ही अँड्रॉइडसाठी करताय. चादरीची हरवलेली जॅकार्ड कार्डं (मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं) शोधायची, बंद पडलेले माग सुरू करायचे, आणि शेडमध्ये आपण एकटे नाही हे हळूहळू लक्षात येत जायचं. गेममध्ये तीन स्क्रीन आहेत: पिशवी, नकाशा आणि कामांची यादी. मित्रांना खेळायला दिलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं, चालताना अंगावर काटा येतो, पण स्क्रीन उघडला की सगळं उतरतं. म्हणून तुम्ही विचारताय, एचयूडी (खेळताना पडद्यावर सतत दिसणारी माहिती) आणि मेनू सरळ काढून टाकू, की ‘डेड स्पेस’ या गेमसारखं सगळं पात्राच्या अंगावरच दाखवू?

दोन्ही नको. निदान सुरुवात तिथून नको.

पडद्यावर चौकट आली एवढ्यानं कुणाची तंद्री मोडत नाही. क्षणापूर्वी जो अंधारात कान देऊन पाऊल टाकत होता, त्याला तुम्ही एकदम हिशेबनीस केलंत, ती मोडते यामुळे. चौकट कितीही देखणी केली, अगदी पात्राच्या मनगटावर नेऊन बसवली, तरी काम हिशेबाचंच राहिलं तर परिणाम तोच. म्हणून पहिला प्रश्न ‘स्क्रीन कसा दिसावा’ हा नसून ‘खेळाडूला तो उघडावा का लागतो’ हा आहे. त्याचं उत्तर हातात आलं की निम्मे स्क्रीन उघडायची गरजच उरत नाही. उरलेल्यांसाठी मग कारागिरी करायची.

हे सगळ्या गेमना सारखं लागू नाही. डावपेचांच्या गेममध्ये स्क्रीन हाच खेळ असतो, तिथे तो काढून काय ठेवणार? फिनलंडच्या लॉरा एर्मी आणि फ्रान्स मायरा यांनी २००५ मध्ये रमण्याचे तीन प्रकार मांडले: डोळे-कान गुंतणं, आव्हानात गुंतणं आणि कल्पनेनं त्या जगात शिरणं. मेनूनं पहिला प्रकार बहुधा मोडतो, पण दुसरा वाढूही शकतो. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ मध्ये बॅग उघडली की गेम थांबतो, तरी चौकोनांत बंदुका-गोळ्या नीट बसवण्यात लोक रमतात, कारण ते स्वतःच एक छोटं कोडं आहे. ‘पर्सोना ५’ चे मेनू तर कथेतल्या जगाचा भाग असल्याचा आवही आणत नाहीत. पण त्यांचा लाल-काळा भडकपणा गेमच्या स्वभावाला धरून आहे, म्हणून ते खटकत नाहीत. तुमचा गेम मात्र डोळे-कानांवर उभा आहे. त्यामुळे पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

आधी मोजणी. प्रत्येक वेळी स्क्रीन उघडला की चार गोष्टी एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्यासारख्या मजकूर-फाइलमध्ये) लिहू द्या: कोणता स्क्रीन, खेळाडू शेडमध्ये कुठे उभा होता, स्क्रीन किती वेळ उघडा राहिला, आणि बंद केल्यावर पुढच्या पाच सेकंदांत त्यानं काय केलं. पाच-सहा जणांना वीस-वीस मिनिटं खेळू द्या. त्यातले दोघे तरी एरवी गेम न खेळणारे असू द्या, आणि मागे उभं राहून ‘अरे तिकडे जा’ असं सांगायचा मोह आवरा. फाइल वाचायची ती अशी. अर्ध्या सेकंदाच्या आत बंद झालेला स्क्रीन म्हणजे अंगठा चुकून लागला, बटणाची जागा बदला. नकाशा वीस-तीस सेकंदांत पुन्हा उघडला असेल तर पाहिलेलं डोक्यात टिकत नाहीये. पिशवी उघडून काहीही न करता मिटली, तर त्याला फक्त खात्री करायची होती: किल्ली आहे ना, बॅटरी उरली ना. आणि पिशवी उघडून लगेच एकच वस्तू वापरली, तर ती वस्तू पिशवीत असायलाच नको होती, हाताशी हवी होती.

तिन्हींत नकाशा सर्वांत जास्त वेळा उघडला जात असणार, असा माझा अंदाज आहे. तुमचं पात्र तिथला जुना कामगार आहे. तो आपल्याच कारखान्यात नकाशा कशाला काढेल? ओळख नाही ती खेळाडूला. ती ओळख शेडनंच करून द्यायला हवी. खांबांवर शेडचे नंबर रंगवा, प्रत्येक मागाच्या फ्रेमवर मागाचा नंबर टाका, मुख्य वाटेवर जमिनीवर पिवळा पट्टा ओढा. पाट्या मराठी आणि तेलुगू दोन्हींत लिहा. त्यानं दिशा तर कळतेच, शिवाय कारखाना सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतला वाटू लागतो, जे कुठल्याही नकाशानं होणार नाही. जिथे खेळाडू हमखास चुकतो त्या चौकात एक फडफडणारी ट्यूबलाइट पुरते. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) मध्ये कुठे जायचं ते वारा दाखवतो. तुमच्याकडे वारा नाही, पण हवेत तरंगणारे सुताचे तंतू आहेत आणि ते ओढून घेणारा एक्झॉस्ट फॅन आहे. टॉर्चच्या झोतात ते तंतू एका दिशेला सरकताना दिसले, की नजर आपोआप तिकडे जाते.

आवाजानं दिशा देता येते: चालू मागाचा खटखटाट दोन मीटरच्या आत पूर्ण, पंचवीस-तीस मीटरवर जवळजवळ शून्य, मध्ये दार आलं तर वरच्या पट्टीतले आवाज कापलेले. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. इअरफोन नसेल तर फोनच्या स्पीकरवर डावं-उजवं नीट कळत नाही, आणि खालच्या पट्टीची घरघर तर ऐकूच येत नाही.

एवढं करूनही नकाशा लागलाच तर तो भिंतीवर लावा, मुकादमाच्या केबिनबाहेर. तिथे जाऊन पाहायचा, लक्षात ठेवायचा, निघायचं. दोन-तीन वळणं लक्षात राहतात, त्यापुढची नाही. तेव्हा भिंतीवरचा पुढचा नकाशा तेवढ्याच अंतरावर हवा. ‘फार क्राय २’ मध्ये (२००८) नकाशा हातात धरलेला असतो आणि कडेनं जग दिसत राहतं. ते मोठ्या पडद्यावर छान जमतं. साडेसहा इंची फोनवर हातातला कागद इतका लहान होतो की त्यावर आठ-दहा शब्दांच्या वर काही वाचता येत नाही, आणि मग लोक फोन डोळ्यांजवळ नेतात. तंद्री तिथेच गेली.

पिशवीचं सोपं आहे. चोवीस खणांची जाळी काढून टाका आणि सहा वस्तूंवर या: टॉर्च, कात्री, पाना, किल्ल्या, कार्डांची गड्डी, एक मोकळी जागा. कुठलीही वस्तू दोन स्पर्शांत हातात आली पाहिजे. गेम थांबवायचा की नाही याला मी एक साधा नियम लावतो: मागचं काही दिसत नसेल तर वेळ थांबवा, वेळ चालू ठेवायची असेल तर मागचं दिसू द्या. ‘डार्क सोल्स’ मध्ये मेनू उघडला तरी शत्रू थांबत नाही, पण तो येताना दिसतो. गडद पाटीमागे दिसेनासा होऊन कुणी मारलं तर खेळाडूला भीती वाटत नाही, राग येतो. तुमच्या सहा वस्तू पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात मावतील. वरचं जग तसंच राहू द्या, फक्त ३०-४० टक्के अंधारं करा. फोन आला किंवा ॲप मागे गेलं तर मात्र गेम थांबलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

कामांच्या यादीत खरा दोष भाषेचा असतो. ‘उद्दिष्ट: ३/५ पूर्ण’ हे वाचताच आपण कारखान्यातून थेट फोनवर येतो. तेच मुकादमानं फळ्यावर खडूनं लिहिलेलं असेल, ‘बारा नंबरचं कार्ड अजून नाही. सकाळी माल जायचाय,’ तर माहिती तेवढीच राहते आणि वर कुणाचा तरी दाब जाणवतो. ‘काम पूर्ण झाले!’ असा तुतारीसह येणारा फलक काढाच. बंद माग सुरू झाला, धोटा पळू लागला, की काम झालं हे बहिऱ्यालाही दिसतं.

आता जे स्क्रीन उरतील त्यांचं येणं-जाणं. माझ्या मते बहुतेक गेम इथेच घसरतात, आणि खेळणाऱ्याला ते शब्दांत सांगता येत नाही. तो म्हणतो ‘मजा गेली’, आणि कारण असतं क्षणभराचा अडखळा. बोट लागल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हललं पाहिजे. जेकब नील्सननं १९९३ मध्ये सांगितलेली ही मर्यादा अजून तशीच उपयोगी आहे. उघडण्याचं ॲनिमेशन १५० ते २०० मिलिसेकंद, मिटण्याचं त्याहून कमी, साधारण १००. बाहेर पडणाऱ्याला कधीही ताटकळत ठेवू नये.

तुम्ही इंजिन (गेम ज्यावर बनवताय ते सॉफ्टवेअर) सांगितलं नाही, म्हणून युनिटी आणि गोडो दोन्हींचं सांगतो. युनिटीत पहिल्यांदा पिशवी उघडताना झटका बसतो तो बहुधा तीन कारणांनी. पूर्ण पॅनेल त्याच क्षणी तयार होतं, चित्रं त्याच क्षणी डिस्कवरून येतात, किंवा जाळी मांडणारा लेआउट घटक प्रत्येक खण पुन्हा मोजतो. पॅनेल लेव्हलसोबतच तयार करून ठेवा, आणि लपवताना पूर्ण गेमऑब्जेक्ट बंद न करता फक्त कॅनव्हास घटक (पॅनेल पडद्यावर काढणारा भाग) बंद करा, म्हणजे उघडताना सगळं नव्यानं बांधलं जात नाही. जागा एकदा ठरल्या की ग्रिड लेआउट काढून टाका. सतत बदलणारे आकडे आणि स्थिर चौकटी वेगवेगळ्या कॅनव्हासवर ठेवा. एकच कॅनव्हास असेल तर टॉर्चच्या बॅटरीचा एक आकडा हलला तरी सगळा पुन्हा रचला जातो. ६० फ्रेमच्या हिशेबानं तुमच्याकडे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद असतात, ते एवढ्यातेवढ्यात संपतात. मागचं चित्र धूसर करायचं असेल तर स्वस्त फोनवर पूर्ण पडद्याचा ब्लर दर फ्रेमला चालवू नका. गेम थांबवलेलाच असेल तर एक फ्रेम पाव रिझोल्यूशनवर टिपा, एकदाच धूसर करा आणि तेच चित्र मागे ठेवा.

गेम थांबवायला टाइमस्केल (गेममधल्या वेळेची गती) शून्य केल्यावर मेनू पहिल्याच फ्रेमवर गोठणं हा नेहमीचा घोळ. ॲनिमेटरचा अपडेट मोड ‘अनस्केल्ड टाइम’ करा, आणि कोरूटीनमध्ये (थांबत-थांबत चालणाऱ्या कोडमध्ये) वेटफॉरसेकंड्सच्या जागी वेटफॉरसेकंड्सरिअलटाइम वापरा. नाहीतर ती प्रतीक्षा कधी संपतच नाही. गोडोमध्ये सीन ट्री (गेममधल्या सगळ्या घटकांचं, म्हणजे नोडचं, झाड) पॉज केलं आणि बटणं दाबली जात नाहीत असं झालं, तर मेनूच्या नोडचा प्रोसेस मोड ‘व्हेन पॉज्ड’ किंवा ‘ऑलवेज’ करायचा राहिलाय.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. मेनू उघडताच शेडचा आवाज कापला की खेळाडू एका क्षणात घरच्या पंख्याखाली येतो. आवाज बंद करू नका, ०.२ सेकंदात तो सहा-आठ डेसिबल खाली आणा आणि साधारण ७०० हर्ट्झचा लो-पास (वरच्या पट्टीतले आवाज कापणारी गाळणी) लावा. जाड दाराआडून ऐकू यावं तसा कारखाना मागे चालू राहतो. युनिटीत यासाठी ऑडिओ मिक्सरचे दोन स्नॅपशॉट (आवाजाच्या ठरवून ठेवलेल्या मांडण्या) करा, आणि टाइमस्केल शून्य होत असेल तर मिक्सरचा अपडेट मोडही अनस्केल्ड करा; ते विसरलं तर बदल अर्ध्यात अडकतो. गोडोमध्ये पॉजबरोबर आवाजाचे नोडही थांबतात, म्हणून वातावरणाच्या आवाजाचे नोड ‘ऑलवेज’ वर हवेत. स्क्रीनचे स्वतःचे आवाज त्याच जगातले घ्या: कापडी पिशवीची सरसर, किल्ल्यांचा खुळखुळाट. तयार पॅकमधला ‘टिंग’ नको.

परत येताना तीन गोष्टी तपासा. एक, स्क्रीन मिटवणारा स्पर्श तिथेच खपला पाहिजे. तोच स्पर्श मागे जाऊन कार्ड उचलत असेल किंवा टॉर्च विझवत असेल तर खेळाडूचा हातावरचा विश्वास उडतो. दोन, उघडताना जॉयस्टिक दाबलेली असेल तर मिटल्यावर पात्र आपोआप धावता कामा नये. उघडताना सगळी इनपुट शून्य करा. तीन, अँड्रॉइडच्या बॅकनं स्क्रीन मिटला पाहिजे, गेम नाही. हे तिसरं इतक्या गेममध्ये चुकलेलं असतं की लिहावंच लागतं. आणि धोक्याच्या ऐन क्षणी गेम थांबवला असेल, तर परतताना वेळ शून्यावरून पूर्ण गतीला पाव सेकंदात चढवा, म्हणजे डोळ्यांना जागा सापडते.

मराठी मजकुराचा एक वेगळा त्रास आहे. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची जोडणी होत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं तुटून हलन्त दिसतात. असलं एक वाक्य दिसलं की वाचणारा कथेतून बाहेर पडलाच. भिंतीवरच्या पाट्या आणि फळे सरळ चित्र म्हणून बनवा, तिथे हा प्रश्नच येत नाही. हलता मजकूर असेल तर युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमधला प्रगत टेक्स्ट जनरेटर तपासून पाहा. गोडो ४ मध्ये ही जोडणी मुळातच होते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ ते १.५ पट ठेवा. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात रफार आणि उकार एकमेकांत घुसतात किंवा चौकटीच्या काठावर कापले जातात. फॉन्ट म्हणून ‘मुक्ता’ चालेल, तो मुक्त परवान्याचा आहे.

तुम्ही यादीत धरला नाहीत असा एक इंटरफेस सतत पडद्यावर आहे: अंगठ्यांची बटणं. फोनवर सगळ्यात जास्त जागा तेच खातात. डाव्या अर्ध्या भागात बोट पडेल तिथे उगवणारी जॉयस्टिक द्या, बोट नसताना ती दिसूच नये. ‘उचला’ हे बटण काढा, वस्तूवरच टिचकी मारू द्या. उरतील ती बटणं दिसायला लहान आणि २५-३० टक्के गडद असली तरी स्पर्शाचं क्षेत्र ४८ डीपीच्या (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक) खाली नको. काहीही नॉचखाली (पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या खाचेखाली) जाऊ देऊ नका.

आता ‘डेड स्पेस’. तिथे २००८ मध्ये नायकाच्या पाठीच्या कण्यावर जीव किती उरला ते दाखवलं आणि ते जमलं, कारण कॅमेरा मागे आहे, पाठ सतत समोर असते, आणि अंतराळातल्या पोशाखावर दिवे शोभतात. तुमच्या खेळाडूला स्वतःची पाठ दिसत नाही आणि कारखान्यात होलोग्राम कुठून येणार? तुमच्या जवळचं उदाहरण ‘मेट्रो २०३३’ आहे: फर्स्ट-पर्सन, मनगटावर घड्याळ, क्लिपबोर्डवरचा कागद वाचायला अंधारात लायटर पेटवायचा. तुमच्याकडे टॉर्च आहे. बॅटरीचा आकडा न दाखवता शेवटच्या २० टक्क्यांत प्रकाश पिवळा करा, मग थरथरू द्या. पाळी संपायला किती वेळ उरला ते हातातल्या घड्याळावर. पण हात वर करण्याचं ॲनिमेशन अर्ध्या सेकंदाहून लांबवू नका आणि ते मध्येच तोडता यायला हवं. पहिल्यांदा कौतुकानं पाहिलेली हालचाल दहाव्यांदा शिक्षा वाटते.

जीव किती उरला हे पूर्ण लपवू नका. मार बसला की कडा काळवंडू द्या, श्वास वाढू द्या, तीन सेकंदांनी ओसरू द्या. फक्त लाल रंगावर अवलंबून राहू नका, रंग ओळखता न येणारेही खेळतात. सेटिंगमध्ये ‘सगळं कायम दाखवा’ हा पर्याय आणि आवाजांची लेखी सूचना द्या, उदाहरणार्थ ‘डावीकडे माग सुरू झाला’. ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी तीच पट्टी रमण्याचं साधन असते.

एक स्क्रीन मात्र वाढवा: सुरुवातीला उजेड जुळवण्याचा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी तापलेला फोन स्वतःहून उजेड कमी करतो, आणि तुमचा अंधारा शेड नुसता काळा दिसतो. मग लोक दिसत नाही म्हणून नकाशा उघडतात आणि तुम्ही नकाशाला दोष देत बसता. ‘ही पाटी जेमतेम वाचता येईल इतका उजेड ठेवा’ असं एकच चित्र पुरे. मोजणी दुपारची आणि रात्रीची वेगळी ठेवा.

सगळे बदल एकदम करू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आधी पाट्या आणि आवाज, मग येण्या-जाण्याचा वेग, घड्याळ आणि टॉर्च शेवटी. प्रत्येक टप्प्याला नवे खेळाडू घ्या, कारण जुन्यांना शेड पाठ झालेला असतो. बदलाआधीची आणि बदलानंतरची फाइल शेजारी ठेवा आणि नकाशा कुठे उघडला त्या जागा शेडच्या आराखड्यावर ठिपक्यांनी मांडा. ठिपके सगळीकडे विखुरलेले असतील तर पाट्या कमी पडताहेत. एकाच कोपऱ्यात गर्दी असेल तर स्क्रीनला हात लावू नका, तो कोपरा पुन्हा बांधा.